निवडून दिलेले आठ

"तुझ्या हातात जादू आहे," असं कुणी म्हटलं की गुनेवी सेदरहोल्म वैतागायची. जादू कसली डोंबलाची! एकतीस वर्षं एकच काम केलं की दगडालाही जमेल. पण असं म्हणताना तिची मान जराशी वर जायची, आणि ओबू विद्यापीठाच्या त्या रसायन विभागातल्या सगळ्यांना ते ठाऊक होतं.

तिचं काम इलेक्ट्रोड बनवण्याचं. बोटभर लांबीची प्लॅस्टिकची कांडी, तिच्या टोकाला काचेसारख्या काळ्याभोर कोळशाची टिकली. ती टिकली ओल्या कापडावर पांढऱ्या भुकटीत आठाच्या आकड्यात फिरवत घासायची, तिचा आरसा होईपर्यंत. मग तिच्यावर विजेने निळसर काळ्या पॉलिमरचा थर चढवायचा, आणि तो वाळला की वर पातळ डिंकासारख्या द्रावणाचे थेंब सोडायचे. त्याची साय धरते. ही साय फक्त पोटॅशियम ओळखते. सोडियम आलं, कॅल्शियम आलं, ती त्यांच्याकडे ढुंकून बघत नाही. कांडी पाण्यात बुडवली की मीटरवर आकडा उमटतो आणि त्यावरून पाण्यात पोटॅशियम किती ते कळतं. जुन्या कांड्यांच्या पोटात द्रावण भरलेलं असायचं, आडवी धरली तरी त्यांचं पोट बिघडायचं. या नव्या आतून कोरड्या, घन.

दुखणं एकच होतं. एका भांड्यात दहा कांड्या बुडवा, दहा आकडे येतात. घरातल्या दहा घड्याळांनी दहा वेळा दाखवाव्यात तसं. म्हणून वापरण्याआधी प्रत्येक कांडी ओळखीच्या द्रावणात बुडवून लावून घ्यायची, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. बहुतेक वेळा सायीखाली पाणी शिरलेलं असतं. ते दिसत नाही, पुसता येत नाही; नुसता पापुद्रा असतो, पण आकडा सरकवत राहतो. जगभरची शहाणी माणसं गेली तीसेक वर्षं या पापुद्र्याशी झगडत आहेत आणि पापुद्रा अजून हरलेला नाही.

टूवे बाकलुंड हे दुखणं मोडायला निघाली होती. ती नेर्पेसची, टोमॅटोवाल्यांच्या गावची. तिच्या वडिलांची चार मोठी काचघरं होती, आणि झाडांना द्यायच्या पाण्यात पोटॅशियम किती हे त्यांना रोज मोजावं लागायचं. "रोज सकाळी पप्पा मीटर लावून घेताना ज्या शिव्या घालतात," टूवे सांगायची, "त्या ऐकत मी मोठी झाले. मला अशी कांडी बनवायचीय, की पाकिटातून काढली, पाण्यात टाकली, आकडा वाचला. शिवी नाही." चार वर्षं तिने यात घातली. नवं पॉलिमर, नवी साय, नवी कृती. आणि तिच्या आठही कांड्यांचे आकडे एकमेकांपासून अर्ध्या मिलीव्होल्टच्या आत येऊ लागले. एकदा नाही, दरवेळी. चार पेपर छापून आले. प्रबंधाचं नावच होतं, 'लावून न घेता वापरायचे घन इलेक्ट्रोड'.

कांड्या अर्थातच गुनेवीने बनवलेल्या. टूवेने कृती ठरवायची, गुनेवीने सोमवारी घासायला घ्यायचं आणि गुरुवारी सकाळी टूवेच्या टेबलावर काचेच्या थाळीत आठ कांड्या ठेवायच्या, असा चार वर्षांचा शिरस्ता.

मे महिन्यातल्या एका शुक्रवारी टूवेचा प्रबंध विद्यापीठाच्या फळीवर खिळ्याने ठोकला गेला. तिकडचा तसा रिवाजच आहे: जाहीर बचावाच्या, म्हणजे सगळ्यांसमोरच्या तोंडी परीक्षेच्या, आधी प्रबंध सगळ्यांदेखत ठोकायचा. आता यातला शब्द हलायचा नाही, ज्याला खोट काढायची असेल त्याने वाचून काढावी. हातोडी टूवेच्या हातात होती आणि खिळा तिने हट्टाने गुनेवीला धरायला लावला. "माझ्या बोटावर मारशील," गुनेवी म्हणाली, आणि बोटावर न लागताच तिच्या डोळ्यांत पाणी आलं. स्वतःचं मूलबाळ नसलेल्या बाईला असं कुणी खिळा धरायला बोलावलं तर दुसरं काय होणार!

सोमवारी साडेनऊच्या कॉफीला प्रोफेसर राब्बे लिंडक्विस्ट जरा उशिरा आला. तिथे प्रोफेसर असो नाहीतर झाडूवाला, सगळे एकमेकांना नावाने आणि एकेरीच हाक मारतात.

"हालिनाची मेल आहे," तो म्हणाला.

हालिना दूदेक क्राकोची. टूवेच्या बचावाला समोर उभी राहून प्रश्न विचारणारी तीच, आणि त्या पदाचं नावच मुळी 'विरोधक'. टूवेची आजी ते ऐकून धसकली होती.

"तिच्या लॅबमध्ये त्यांनी टूवेच्या कृतीने कांड्या बनवल्या," राब्बे म्हणाला. "पंधरा मिलीव्होल्टचा फरक येतोय."

"पंधरा?" टूवेच्या हातातला वेलचीचा बन तसाच राहिला.

"ती भांडत नाहीये गं. विचारतेय, कृतीत काही लिहायचं राहिलंय का."

"त्यांनी नीट घासलं नसणार," गुनेवीने निकाल दिला. "आजकाल पोरं एका हाताने घासतात नि दुसऱ्या हाताने फोन बघतात."

राब्बे हसला. त्याला बरं वाटलं. "एक करू. गुनेवी, तू वीस बनव. एकाच दिवशी, एकाच हाताने. टूवे मोजेल, मी आकडे हालिनाला पाठवतो, विषय संपला."

"वीस! तू शेवटची कांडी घासलीस तेव्हा आपल्याकडे अजून मार्कच्या नोटा चालत होत्या, राब्बे. वीस म्हणजे काय ते तुला काय कळणार?"

"म्हणून तर तुला सांगतोय."

तिने बनवल्या. मंगळवारी दुपारपर्यंत तिचा उजवा खांदा भरून आला होता, तरी तिने एकही टिकली घाईने सोडली नाही. पोरीच्या नावावर क्राकोहून बोट रोखलं गेलं होतं, आणि ते बोट खाली आणणं आपल्या हातात आहे याचा तिला खरंतर आनंदच झाला होता. बुधवारी वीसच्या वीस कांड्या द्रावणात भिजत पडल्या. गुरुवारी सकाळी सातला येऊन तिने नेहमीचं सगळं उरकलं आणि साडेआठला टूवेच्या टेबलावर थाळी ठेवली.

टूवे मोजायला बसली. राब्बे तिच्या पाठीमागे उभा राहून आकडे मोठ्याने वाचत होता, जणू बातम्याच देतोय; किती झाले ते मोजायचं दोघांनाही सुचलं नाही. शेवटचा आकडा आला, टूवेने वजाबाकी केली आणि खुर्चीतून उठून गुनेवीच्या गळ्यात पडली. सगळ्यात मोठा आणि सगळ्यात लहान आकडा यांच्यात फरक होता फक्त शून्य दशांश तीन मिलीव्होल्टचा.

"क्राकोवाल्यांना बनवू दे आता काय बनवायचं ते!" राब्बेने तिथेच टूवेच्या कॉम्प्युटरवर मेल लिहायला घेतली. "प्रिय हालिना... मंगळवारी बनवलेल्या वीसही कांड्या..."

"वीस कुठल्या? बारा," गुनेवी बेसिनपाशी हात धूत म्हणाली.

"मी वीस सांगितल्या होत्या ना?"

"वीसच बनवल्या. आठ व्राक."

राब्बेची बोटं थांबली. "फुटल्या?"

"फुटतील कशाला? माझ्या हातून एकतीस वर्षांत तीन फुटल्यात, तिन्हींच्या तारखा सांगते. व्राक म्हणजे व्राक. ज्यांचा आकडा बाकीच्यांशी जुळत नाही त्या. सकाळी मोजून बाजूला काढल्या."

गुनेवी हात पुसत राहिली. आपण काही विशेष बोललो असं तिला वाटलंच नव्हतं.

व्राक हा शब्द स्वीडिश बोलणाऱ्या पोरासोरांनाही माहीत असतो: फुटकं जहाज, मोडकी गाडी, भंगार. पण गुनेवी नागू बेटावरची, कोळ्याची मुलगी. शरद ऋतूत हेरिंग मिठात भरताना तिच्या घरी 'व्राक करणं' म्हणजे फाटकी, मऊ पडलेली मासळी निवडून वेगळी काढणं. पिंपावर तिच्या वडिलांचं नाव डागलेलं असायचं, आणि त्या नावाखाली एकही फाटकी मासळी बाजारात गेलेली तिच्या आठवणीत नव्हती. सहा वर्षांची असल्यापासून ती निवडायला बसायची. आपल्याकडच्या बायका सुपात तांदूळ घेऊन बसतात, तेवढंच सहज.

"आधी... आधीसुद्धा काढायचीस?" टूवेने विचारलं.

"नेहमीच. चौदा बनवायचे, त्यातल्या आठ उत्तम तुला द्यायचे. मला थोर्स्टेनने शिकवलंय."

थोर्स्टेन म्हणजे राब्बेच्या आधीचा प्रोफेसर. त्याच्या काळी इथल्या कांड्या इस्पितळांत आणि कागदाच्या गिरण्यांत जायच्या, आणि तो म्हणायचा, गुनेवी, वाईट माल माझ्या नजरेला पडू देऊ नकोस. त्याचं बरोबरच होतं. वस्तू वापरायला द्यायची तर चांगली निवडूनच द्यायला हवी. पण वस्तू मुळात चांगली बनते का हेच तपासायचं असेल, तर निवडणाऱ्याने हात लावला की तपासणी तिथेच संपली. हा फरक गुनेवीला कुणी सांगितला नव्हता. थोर्स्टेन गेला, राब्बे आला, गिरण्या बंद झाल्या, कांड्यांवर प्रबंध होऊ लागले, आणि गुनेवी आपली निवडतच राहिली. या इलेक्ट्रोडला आयन-निवडक म्हणतात; निवड करायची ती त्याने. इथे गुनेवीच त्याची निवड करून मोकळी झाली होती.

टूवेने फळीवरून गुनेवीची वही काढली. चार वर्षांचं सगळं तिच्यात होतं, गुनेवीच्या गोल, स्वच्छ अक्षरात, तारीखवार. चौदा, व्राक सहा. चौदा, व्राक सहा. चौदा, व्राक सहा. लपवलेलं काहीच नव्हतं. वही टूवेच्या टेबलापासून तीन पावलांवर असायची.

"मी हे वाचलंय," टूवे म्हणाली. "कितीदा तरी वाचलंय. मला वाटायचं, फुटल्या. मला तुझी कीव यायची, गुनेवी. वाटायचं, बिचारीचे हात आता थरथरतात, तिला विचारून लाजवू नये."

"माझे हात?" गुनेवी म्हणाली. एवढ्या गोंधळात तिला याचंच आधी वाईट वाटलं, आणि मग वाईट वाटल्याची लाज वाटली.

बाजूला काढलेल्या आठ कांड्या अजून भांड्यात होत्या. एरवी दुपारी गुनेवी त्यांची साय सुरीने खरवडून टिकल्या पुन्हा घासायला घ्यायची, म्हणजे मागे काही उरायचंच नाही. टूवेने त्या एकेक करून मोजल्या. या वेळी राब्बेने आकडे मोठ्याने वाचले नाहीत. एक चार मिलीव्होल्ट वर, एक सहा खाली, एक अकरा खाली. दोन कांड्यांचे आकडे तर स्थिरच होईनात, बघता बघता सरकत होते.

"पाणी," टूवे म्हणाली.

प्रबंधाच्या तिसऱ्या प्रकरणाचा निष्कर्ष एका ओळीचा होता: सायीखाली पाण्याचा थर आढळत नाही. ते प्रकरण लिहायला तिला चौदा महिने लागले होते.

राब्बे खुर्चीत बसला. भला माणूस, पण भल्या माणसांची पहिली धाव नेहमी कागदाकडे. "प्रबंधात एक चिठ्ठी घालता येते," तो म्हणाला. "शुद्धिपत्र. 'प्रयोगासाठी निवडक इलेक्ट्रोड वापरले.' एक ओळ. असं पुष्कळ जण करतात."

"आणि नाव? 'लावून न घेता वापरायचे'? ते कसं खरं करायचं? प्रत्येक पाकिटात एकेक गुनेवी घालून विकायची का, निवडून द्यायला?"

"टूवे, कुणी खोटं बोललेलं नाही."

"तेच तर, राब्बे. कुणी खोटं बोललं असतं तर त्याची मानगूट धरता आली असती."

तिचा आवाज चढला नव्हता. गुनेवीला वाटलं, हिने ओरडावं. थाळी भिंतीवर फेकावी, मला म्हातारी, अडाणी, काय वाटेल ते म्हणावं. तेवढी तरी जागा मला द्यावी.

"मी हालिनाला सांगते," गुनेवी म्हणाली. "मी लिहून देते की हे माझ्यामुळे झालं, हिला काही माहीत नव्हतं. मला काढून टाका. तशीही माझी नोकरी दीड वर्षच उरलीय."

"चार पेपरांवर नाव कुणाचं आहे?" टूवेने विचारलं.

"मग मी पुन्हा बनवते. तू सांगशील तेवढ्या. दोनशे सांग. एकीलाही हात लावणार नाही, जशा होतील तशा तुझ्यापुढे ठेवते..."

"चार वर्षं, गुनेवी," टूवे म्हणाली. एवढंच. ती एकोणतीस वर्षांची होती आणि तिचं अनुदान महिनाअखेर संपत होतं. शिवाय पुन्हा बनवून काय निघणार तेही समोरच्या भांड्यात दिसतच होतं: विसातल्या आठ वाईट. म्हणजे कृती जगातल्या बाकीच्या कृतींइतकीच बरी, तितकीच वाईट. गुनेवीच्या हातांनी जी सफाई केली होती ती कांड्यांची नव्हतीच. ती आकड्यांची होती.

राब्बे अजून बोलत होता. आजच काही ठरवू नकोस, विचार कर, मी दोन ठिकाणी फोन करून बघतो. टूवेने त्याचं ऐकून घेतलं, त्याने अर्धवट सोडलेली मेल पुसली आणि स्वतः लिहायला बसली. तिने काय लिहिलं ते तिने त्या दोघांना वाचून दाखवलं, कारण तिला ते बरोबर लिहायचं होतं. तुम्ही विचारलंत, कृतीत काही लिहायचं राहिलंय का. हो, राहिलं होतं. पुढे सगळे आकडे, वीसच्या वीस. शेवटी, मी बचाव मागे घेत आहे. गुनेवीचं नाव त्यात कुठेही नव्हतं. 'आमच्या प्रयोगशाळेत' असं तिने लिहिलं होतं.

"माझं नाव घाल," गुनेवी म्हणाली.

"कशाला?"

टूवेने मेल पाठवली आणि राब्बेबरोबर डीनकडे गेली. जाताना तिने बारा चांगल्या कांड्यांची थाळी आणि आठ वाइटांचं भांडं शेजारी शेजारी ठेवलं, आणि कुणी हात लावू नये म्हणून वर कागद चिकटवला. तो कागद आपल्यासाठी आहे हे गुनेवीला कळलं.

ती आपल्या स्टुलावर बसून राहिली. करण्यासारखं काही नव्हतं. घासायला कांड्या होत्या, भुकटी होती, कापड ओलं होतं. पण हात पुढे होईनात. आयुष्यभर जे चोख केलं त्यानेच पोरीचा घात केला, आणि त्यात चूक कुठल्या दिवशी झाली म्हणावं तर असा एक दिवसही सापडेना. वाईट बाजूला काढायचं, चांगलं पुढे करायचं. याहून वेगळं काही ती कधी शिकलीच नव्हती.

अकराच्या सुमाराला भिंतीवरचा फोन वाजला. त्यावर हल्ली कुणी करत नसे.

"गुनेवी का?" पलीकडून मोठा, मोकळा आवाज आला. "मी हॉकन बाकलुंड, टूवेचा बाप. पोरीचा फोन बंद आहे. म्हटलं, लॅबमध्ये तूच सापडशील."

"ती... बाहेर गेलीय."

"असू दे, काम तुझ्याकडेच होतं. आमची बस ठरली बरं का. बेचाळीस जण येतोय! आईसुद्धा येतेय, अठ्ठ्याऐंशी वर्षांची, त्या विरोधक बाईला बघायचंच म्हणते. आणि रात्रीच्या जेवणाला तुला माझ्या शेजारी बसवलंय. मासे खातेस ना?"

"खाते," गुनेवी म्हणाली.

"बेटावरची तू, काय विचारतोय मी! बरं, मला भाषण करायचंय. मला कुठलं भाषण येतंय? टोमॅटोशी बोलणारा माणूस मी. टूवेने बजावलंय, तुझं नाव आलंच पाहिजे. म्हटलं, काय म्हणू? तर म्हणाली, म्हण की हे सगळं गुनेवीमुळे झालं."

गुनेवीने रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला.

"हो," ती म्हणाली. "माझ्यामुळेच झालं."

पलीकडे हॉकन खो खो हसला. "वा! हे आवडलं आपल्याला! आमच्या गावात कुणी असं कबूल करायचं नाही, मारलं तरी."

"हॉकन, तसं नाही. ऐक..." पण पुढचं वाक्य तिच्या तोंडात तयारच होईना. काय सांगणार? व्राकचा अर्थ? तो विचारील, म्हणजे फुटल्या का.

दार उघडलं होतं. टूवे किती वेळ तिथे उभी होती कोण जाणे. ती आत आली आणि तिने हात पुढे केला, आणि गुनेवीने रिसीव्हर तिच्या हातात दिला.

"पप्पा," टूवे म्हणाली, आणि पुढे आपल्या गावच्या बोलीत बोलू लागली. नेर्पेसची बोली नेर्पेसबाहेर कुणाला कळत नाही. स्वीडिश असूनही ती स्वीडिश लोकांच्या कानाला परकीच लागते. चार वर्षांत टूवे लॅबमध्ये कधी त्या बोलीत बोलली नव्हती. ती बराच वेळ बोलत होती. पलीकडचा मोठा आवाज आधी मध्ये मध्ये येत होता, मग येईनासा झाला. गुनेवी दोन हातांच्या अंतरावर उभी राहून ऐकत होती, आणि तिला त्यातलं एक अक्षर कळत नव्हतं. फक्त तिचं नाव दोनदा आलं. एकदा हळू, एकदा जोरात. ते कशासाठी घेतलं हे तिला कळलं नाही, आणि टूवेचं तोंड भिंतीकडे होतं.